साडेसहाचं पाणी

जूनमध्ये निवृत्त झाले तेव्हा मला एकाच गोष्टीची धास्ती होती: शाळेची घंटा गेली की दिवस विस्कटणार. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी स्वतःसाठी वेळापत्रक केलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलं. त्यात शेवटची ओळ होती, ‘संध्याकाळी ६.३०, अंगण’. आईचे गुडघे जिने चढेनासे झाल्यामुळे आम्ही तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून नुकतेच या बैठ्या घरात आलो होतो. तीन बाजूंनी अंगण, मागे परस, कुंपणाला लागून थोडं रान. चाळीस वर्षं गॅलरीतल्या चार कुंड्यांवर भागवलेल्या माणसाला हे फार मोठं वैभव वाटत होतं. पावसाळ्यात साडेसहाला तण काढायचं, सप्टेंबरपासून पाणी घालायचं. आई त्याच वेळी फरशीवर काठी टेकत फेऱ्या मारायची.

ऑगस्टअखेरीस सूर्य पावणेसातनंतर मावळत होता, त्यामुळे साडेसहा म्हणजे स्वच्छ उजेड. मग तो सरकायला लागला. रोज पाऊण मिनिट, कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त. एका दिवसात हे कोणालाच कळत नाही. पण दोन महिन्यांत त्याचा पाऊण तास होतो, आणि मी तर घड्याळ बघून अंगणात उतरत होते, आभाळ बघून नाही. ऑक्टोबर संपता संपता साडेसहाला अंगणात अंधार झालेला असायचा आणि मी रस्त्यावरून येणाऱ्या उजेडात, सवयीने, पाणी घालत असायची. उत्तर ध्रुवाच्या बाजूच्या देशांत संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. कर्कवृत्ताच्या आसपास आणि खाली तसं होत नाही. सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होतं. हे मला पाठ्यपुस्तकातून माहीत होतं, वर्गात शिकवलंही होतं. पायांना माहीत नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नळ सोडायला हात पुढे केला आणि भिंतीवरून काहीतरी फरशीवर पडलं. ओल्या चिंध्यांचा पिळा पडावा तसा आवाज झाला. हातभर लांब, करड्या रंगाचा, अंगावर फिकट पट्टे. माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर. मी हात तसाच हवेत धरून उभी राहिले. तो दोन क्षण निश्चल होता, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या फरश्यांच्या चळतीत शिरला. शेपूट आत जाईपर्यंत मी श्वास घेतला नव्हता.

पट्टे होते म्हणजे मण्यार, असं मी ठरवूनच टाकलं. त्या रात्री मी जे जे केलं ते सगळं इथे लिहिते, कारण त्यातलं जवळजवळ सगळं चुकीचं होतं आणि अंगणात साप दिसल्यावर बहुतेक घरांत हेच केलं जातं.

फिनाईल पाण्यात मिसळून फरशीवर ओतलं. दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या कडेने गंधकाची पूड टाकली. कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. घराच्या मागच्या आणि पुढच्या भिंतीवर पांढऱ्या एलईडीचे दोन मोठे दिवे बसवून घेतले आणि ते संध्याकाळी साडेपाचपासून सकाळपर्यंत चालू ठेवले. कुंपणाच्या तळाशी बारीक छिद्रांची हिरवी प्लॅस्टिकची जाळी बांधली. आईच्या फेऱ्या बंद. माझं अंगणात जाणं बंद. पाणी दुपारी, घाईघाईने, दारातूनच पाइपने.

नोव्हेंबर असा गेला. दिवसभर खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले. फटीतून काही आत येईल ही भीती. संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. रात्री बारा-एकपर्यंत झोप यायची नाही, कारण मागच्या भिंतीवरचा दिवा पडद्यातूनही खोली उजळून टाकायचा. आणि सकाळी साडेआठला उठूनही अंग जड. आई दोनदा म्हणाली, “तुझा चेहरा उतरलाय.” मी ते निवृत्तीवर ढकललं. मग डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतलं, त्यात फारसं काही निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, “दिवसातून किती वेळ घराबाहेर उजेडात असता?” मी मोजायला लागले. उत्तर जेमतेम दहा मिनिटं आलं.

त्यांनी सांगितलं ते मी नंतर वाचूनही पाहिलं. आपल्या डोळ्यांत बघण्यासाठी ज्या पेशी आहेत त्यांशिवाय आणखी एका प्रकारच्या पेशी आहेत. त्यांचं काम बघणं नाही, किती उजेड आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं. २००२ साली हे प्रयोगांतून स्पष्ट झालं. या पेशी निळसर उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. सकाळी भरपूर उजेड मिळाला तर शरीराचं घड्याळ जागेवर बसतं; रात्री तसाच उजेड मिळाला तर झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं आणि घड्याळ पुढे ढकललं जातं. मी बरोबर उलटं करत होते. दिवसा पडदे, रात्री पांढरा झगझगाट.

घरातल्या उजेडाबद्दल आपला अंदाज किती चुकतो हे मला मोबाईलवर लक्स, म्हणजे उजेडाची तीव्रता, मोजल्यावर कळलं. असली अॅप फार काटेकोर नसतात, तरी फरक एवढा मोठा आहे की काटेकोरपणाची गरज पडत नाही. दिवा लावलेल्या बैठकीच्या खोलीत दीडशे. पडदा उघडलेल्या खिडकीजवळ हजाराच्या आसपास. आणि सकाळी आठला अंगणात, सावलीत उभं राहून, दहा हजारांच्या घरात. डोळा या सगळ्याशी जुळवून घेतो म्हणून आपल्याला खोली ‘उजेडाची’ वाटते. ज्यांना हिवाळ्यात खरोखरीचं नैराश्य येतं त्यांना उपचार म्हणून दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसवतात. हा आजार नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नोंदवला. माझं तेवढं काही झालेलं नव्हतं, पण माझ्या दारातच फुकट उभा असलेला उजेड मी सापाच्या भीतीने बाहेर ठेवला होता.

हे कळलं तरी सापाचं काय, हा प्रश्न होताच. कारण एवढे दिवे, एवढं गंधक करूनही साप कमी झाले नव्हते. नोव्हेंबरच्या तीन आठवड्यांत तीनदा दिसला. दोनदा मागच्या भिंतीवर, एकदा नळाजवळ. शेवटी सर्पमित्र म्हणून काम करणाऱ्या एका मुलीला बोलावलं. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. संध्याकाळी सातला आली, हातात टॉर्च आणि आकडा, पायात जाड बूट. मला वाटलं ती आधी फरश्यांची चळत हलवेल. ती मागच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली आणि वर बघत बसली.

“काकू, हा दिवा किती वेळ चालू असतो?”

“रात्रभर.”

“जरा बघा ना इकडे.”

मी महिनाभर तो दिवा खिडकीतून बघत होते, पण भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. दिव्याभोवती किड्यांचा ढग. भिंतीवर पाली, मी नऊ मोजल्या. खाली फरशीवर, पडलेले किडे टिपायला बसलेले चार बेडूक, त्यातले दोन मुठीएवढे. तिने टॉर्च हळूहळू भिंतीच्या कडेने फिरवला आणि पन्हळीच्या पाइपामागे धरला. तो तिथेच होता. करडा, फिकट पट्ट्यांचा, भिंतीला चिकटून, वर दिव्याच्या दिशेने.

“हा कवड्या. पाली खातो. बिनविषारी. तुम्ही त्याच्यासाठी पंगत मांडलीय.”

तिने त्याला धरलं नाही. मला लांबूनच टॉर्चच्या उजेडात दाखवलं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं: पांढऱ्या रेषा बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने, डोक्याकडे पुसट किंवा नसलेल्याच, शेपटीकडे स्पष्ट. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरून मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग जाते. आणि कवड्या भिंतीवर सहज चढतो, मण्यार जमिनीवर फिरणारा साप. “पण काकू, हे खवले बघायला कधी जवळ जायचं नाही,” ती म्हणाली. “ओळख पटली नाही तर तो विषारीच, असं धरून लांब उभं राहायचं आणि नजर ठेवायची. नजर हटवली की तो कुठे गेला हे कळत नाही, आणि मग घरात झोप लागत नाही.” शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाली असावी.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने विचारलं, “अगं, मग गंधकाचं काय?”

“आजी, गंधक आणि डांबराच्या गोळ्या दोन्ही सापांवर तपासून पाहिल्यात. साप त्यावरून सरळ निघून जातात. फिनाईलने त्याची कातडी भाजते, बेडकांचीही भाजते, पण म्हणून तो परत यायचा थांबत नाही.” साप कशासाठी येतो ते आधी बघायचं, असं तिचं म्हणणं. खायला काय आहे, लपायला कुठे आहे, ऊब कुठे आहे. तिने मला फरशीवर हात ठेवायला सांगितला. सूर्य मावळून तासभर झाला होता, हवा गार होती आणि फरशी अजून कोमट. सापाच्या शरीरात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही, तो ती बाहेरून घेतो. दिवसा तापलेला दगड, सिमेंट, डांबरी रस्ता संध्याकाळी त्याला हवासा वाटतो. म्हणजे सूर्यास्तानंतरचा पाऊण तास माझी नळाजवळची फरशी त्याच्या दृष्टीने सर्वांत चांगली जागा होती, आणि माझ्या वेळापत्रकाने मला नेमकं तेव्हाच तिथे उभं केलं होतं.

त्याच रात्री आम्ही दोन्ही दिवे बंद केले. अंधारात बसल्यावर पहिले दोन दिवस फार अवघड गेले, हे खरं सांगते. उजेडाने भीती कमी होत नव्हती, तरी दिवा असला की काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. नंतर मागच्या दिव्याच्या जागी पिवळसर, कमी वॅटचा, माणसाच्या हालचालीने पेटणारा दिवा लावला. पिवळ्या उजेडाकडे किडे कमी येतात. पुढचा काढूनच टाकला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी भिंतीवर पाली मोजल्या तेव्हा दोन होत्या.

मग वेळापत्रक. दारावरचा कागद फाडला आणि एक वही केली. रोज सूर्योदय, सूर्यास्त, मी अंगणात कधी होते, काय दिसलं. पाणी आता साडेसहाला नाही, सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी. घड्याळाचा आकडा रोज बदलला तरी चालेल, उजेड तोच हवा. हे करताना मला जॉर्ज हडसन या न्यूझीलंडच्या गृहस्थांबद्दल वाचायला मिळालं. कीटक गोळा करणं हा त्यांचा ध्यास. कामावरून सुटल्यावर संध्याकाळी उजेड मिळावा म्हणून उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करावीत, असा प्रस्ताव त्यांनी १८९५ मध्ये मांडला. घड्याळ पुढे-मागे करण्याची जी पद्धत आज बऱ्याच देशांत आहे, तिच्या मुळाशी असलेल्या पहिल्या सूचनांपैकी ही एक. तिथले लोक एका रात्रीत तासभर सरकतात आणि पुढचा आठवडा झोपेची ओढाताण सोसतात. ज्यांना दिवसाची वेळ स्वतः ठरवता येते त्यांनी रोज मिनिटभर सरकणं किती सोपं आहे, हे मला वहीमुळे कळलं.

वहीने आणखी एक गोष्ट शिकवली आणि तिने मी चकित झाले. २१-२२ डिसेंबरला वर्षातला सर्वांत लहान दिवस. म्हणजे तोवर संध्याकाळ लवकर लवकर येत राहणार, असं मी गृहीत धरलं होतं. पण माझ्या नोंदींत सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटीच येऊन गेलेला. २१ डिसेंबरला सूर्य त्याहून सात-आठ मिनिटं उशिरा मावळला. आणि सकाळ? ती जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत राहिली. दोनदा मला वाटलं मी चुकीचं उतरवलंय. कारण शोधलं. आपलं घड्याळ चोवीस तासांचं. पण सूर्य माथ्यावर आल्यापासून पुन्हा माथ्यावर येईपर्यंतचा काळ वर्षभर तेवढाच नसतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तो चोवीस तासांहून सुमारे अर्ध्या मिनिटाने जास्त असतो. एक तर पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने पुढे सरकत असते, शिवाय तिचा आस कललेला. त्यामुळे मध्यान्हच रोज थोडी पुढे जाते आणि तिच्याबरोबर सूर्योदय, सूर्यास्त दोन्ही. विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितकं हे अंतर वाढतं. चाळीस अंश अक्षांशावर सर्वांत लवकरची संध्याकाळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते आणि सर्वांत उशिराची सकाळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात.

माझ्यासाठी याचा अर्थ अगदी रोजचा होता. डिसेंबरात संध्याकाळ सुधारायला लागली म्हणून मी सकाळीही लवकर उठायचा हट्ट धरला आणि अंधारात उठून पुन्हा चिडचिडी झाले. सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत मागे राहणार हे कळल्यावर हट्ट सोडला. सूर्य उगवल्यावर वीस मिनिटांनी अंगणात, अर्धा तास. आईही. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा उजेड आत कमी पोचतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना सकाळचा उजेड जास्त लागतो, हे डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. ती ते येईल त्याला सांगते. आठ-दहा दिवसांत मला रात्री साडेदहाला जांभया यायला लागल्या.

कोपऱ्यात लाजाळूचं रोप आहे. सकाळी मी अंगणात येते तेव्हा त्याची पानं उघडलेली असतात. १७२९ मध्ये ज्याँ-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने अशाच एका संवेदनशील रोपाला पूर्ण अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. उजेड नसतानाही आतलं घड्याळ चालूच होतं. तेव्हापासून २०१७ पर्यंत, म्हणजे त्या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना नोबेल मिळेपर्यंत, माणूस हे कोडं सोडवत होता. मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण या रोपाजवळ उभं राहून ते जसं कळतं तसं फळ्यावर कळलं नव्हतं.

आता त्या जाळीबद्दल. हे लिहायला मला जड जातं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमारास, आईने हाक मारली. कुंपणाच्या तळाशी मी बांधलेल्या हिरव्या जाळीत एक धामण अडकली होती. सहा फुटांहून लांब. बारीक छिद्रातून डोकं आणि मान पलीकडे गेलेली, मागचं शरीर जाड, आणि खवले मागच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तिला ना पुढे जाता येत होतं ना मागे. धडपडीत आणखी दोन ठिकाणी धागे रुतले होते. धामण दिवसा फिरणारा साप आहे, बिनविषारी, आणि उंदीर हे तिचं मुख्य खाणं. थंडीत ती सकाळी उन्हात येऊन पडते. म्हणजे ती त्या वेळी तेच करायला आली होती जे आई आणि मी करायला आलो होतो.

त्या मुलीला फोन केला. ती येईपर्यंत चाळीस मिनिटं मी एक चादर दोन काठ्यांवर धरून धामणीवर सावली केली, कारण ऊन चढत होतं आणि तिला बाजूला सरकता येत नव्हतं. मुलीने आल्यावर डोक्यावर ओलं फडकं टाकलं आणि बोथट टोकाच्या कात्रीने एकेक धागा कापायला घेतला. खेचलं तर कातडी निघेल, म्हणून फक्त कापायचं. मानेजवळचा धागा खवल्यांच्या खाली गेला होता. तिथे रक्त होतं. मी विचारलं, “वाचेल का?” ती म्हणाली, “वाचेल. पण असल्या जाळ्यांत आम्हाला बऱ्याचदा मेलेलेच मिळतात.” तिने तिला पिशवीत घालून उपचारासाठी नेलं आणि नऊ दिवसांनी, जखम भरल्यावर, सोडल्याचं कळवलं. मी त्याच दुपारी सगळी जाळी काढली. भाजीच्या वाफ्यांवर पक्ष्यांसाठी अशी जाळी लावणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे: ती जमिनीला टेकू देऊ नका. किंवा बोटही न जाणारी, ताठ, लोखंडी बारीक जाळी वापरा, जिच्यात डोकं शिरतच नाही.

जाळीऐवजी जे केलं ते कष्टाचं, पण साधं आहे. जुन्या फरश्यांची चळत उचलून नेली. सरपण जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर ठेवलं. कुंपणाच्या आत हातभर पट्टा गवत काढून मोकळा ठेवला, म्हणजे कोणी आलं तर दिसेल. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. दारांच्या खालच्या फटींना रबरी पट्ट्या. उंदरांसाठी विष ठेवायचं नाही, कारण विष खाल्लेला उंदीर धामणीच्या पोटात जातो. धान्य डब्यात, कचरा झाकून, एवढंच. टॉर्च दाराशेजारच्या खिळ्यावर, आणि अंधारात अंगणात उतरायचं तर बंद बूट. आई पाऊल टाकण्याआधी काठी फरशीवर दोनदा आपटते. सापाला बाहेरचा कान नसतो, पण जमिनीची थरथर त्याला चांगली कळते, आणि बहुतेक वेळा तो आपल्याआधी निघून जातो.

एक सवय मी पूर्ण सोडली. उकाड्यात खाली गादी घालून झोपायची. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूज फारशी येत नाही, माणूस पुन्हा झोपतो. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास. म्हणून ‘काही होतंय का बघू’ म्हणत थांबणं सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं सर्पदंशाने दगावतात. २०१७ मध्ये त्यांनी याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं. हे वाचल्यावर मी जवळच्या तीन रुग्णालयांना फोन करून दोनच प्रश्न विचारले: प्रतिविष आत्ता, या क्षणी आहे का, आणि व्हेंटिलेटर आहे का. एका ठिकाणी ‘मागवावं लागेल’ असं उत्तर आलं. ते नाव यादीतून काढलं. उरलेल्या दोघांचे क्रमांक फ्रिजवर लावलेत, खाली मोठ्या अक्षरात: अंगठी-बांगड्या काढा, हात किंवा पाय हलवू नका, कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, साप पकडायला जाऊ नका, निघा.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीअखेर वहीत सापाच्या सात नोंदी आहेत. कवड्याच्या तीन, सगळ्या सूर्यास्तानंतर पंचवीस मिनिटं ते तासाभरात, आणि तिन्ही नोंदी दिवे बदलल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांतल्या. मग रात्री थंड झाल्या आणि तो दिसेनासा झाला. उरलेल्या चार धामणीच्या, सगळ्या सकाळी नऊ ते अकरा. तीच धामण की दुसरी, मला ओळखता येत नाही. मानेवर व्रण आहे का हे बघायचा प्रयत्न करते, पण तेवढ्या जवळ जात नाही.

आता फेब्रुवारी संपतोय. सूर्य साडेसहानंतर मावळतो, माझं पाणी पावणेसहाला सुरू होतं. रात्री पुन्हा उबदार व्हायला लागल्यात, म्हणजे कवड्या परत येईल, आणि पावसाळ्यात बेडकांमागे आणखी कोणी. मागच्या दाराची रबरी पट्टी त्याआधी बदलायला हवी. लाकूड आकसलंय, पट्टी एका टोकाला सुटलीय, आणि तिथून आत्ताच माझी करंगळी आत जाते.